निळीने सोडलेली कड

रंग अजून आपसांत आणि माणसांशीही बोलत होते, तेव्हाची गोष्ट. सगुणाबाईंनी चित्रशाळेत नवं पॅलेट मांडायला घेतलं. तांबडा गेरू आणि पिवळी पिवडी यांच्या जुन्या, वाळलेल्या वड्या त्यांनी खणांत बसवल्या, आणि शेजारच्या खणात नळीतून ताजी नीळ पिळली.

"ही वाळेपर्यंत झाकण लावायचं नाही," बाई पुटपुटल्या.

नीळ दचकली. "मी नाही हं वाळणार! गेरू आजोबांना बघा, कशा भेगा पडल्यात. आणि पिवडीकाकू, तुमची चकाकी कुठं गेली?"

गेरू नुसता हसला. पिवडी म्हणाली, "अगं, पाणी लागलं की पुन्हा जिवंत होतो आपण. वाळलेलं बरं, जागेवर तरी राहतं."

पण निळीने बाईंना लाडीगोडी लावली, "मला वारा सोसत नाही हो." नव्या पाहुणीचा शब्द बाईंना मोडवेना. त्यांनी झाकण लावून पॅलेट फडताळात उभं ठेवलं.

सकाळी उघडलं, तर नीळ सगळ्या खणांत ओघळलेली. पिवडी हिरवीगार झाली होती. त्या दिवशी शेवंतीची फुलं रंगवायची होती. बाई ओल्या बोळ्याने पिवडीला पुसत बसल्या. पुसता पुसता ती निम्मी झाली.

"काकू, रागवा ना मला," नीळ म्हणाली.

"आता रागावून वाढणार आहे का मी?"

पिवडी पुरली तेवढीच फुलं झाली. मग आभाळासाठी कुंचला निळीत बुडाला. ती कागदावर पसरत गेली आणि पिवडीच्या फुलांजवळ येताच थबकली. मधे कोरा कागद तसाच राहिला.

बघणारे अजूनही त्या पांढऱ्या कडेचं कौतुक करतात. निळीला ते ऐकवत नाही.