मूठभर हरभरे

एका राज्यात, जिथे पोपट दरबारात बसून सल्ला देत आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, सुधन्वा नावाचा राजा होता. त्याच्या कोठारात असा मध होता, की बोटभर चाटवला तर मरणाच्या दारातला माणूस उठून बसे. पण तो राजघराण्यापुरताच. राजाच्या आजोबांनी मांत्रिकाकडून कोठाराचा उंबरठा भारून घेतला होता. चोर एकदा निसटला तरी हावेपायी पुन्हा येणारच, असं मांत्रिकाचं म्हणणं. दुसऱ्यांदा उंबरठ्यावर पाय पडला की चोराचा दगड व्हायचा.

टोपल्या विणणाऱ्या तान्हूबाईची लेक तापानं फणफणली. वैद्यानं हात टेकले. मग भर दुपारी, पहारेकरी जेवायला बसले असताना, तान्हूबाईनं मधाचा गडू पदराखाली घेतला आणि घर गाठलं. लेक वाचली.

आता सुटली होती ना ही बया? गप घरी बसावं की नाही? पण दुसऱ्याचं भांडं ठेवून कसं घ्यायचं, आणि परत द्यायचं तर रिकामं कसं द्यायचं? तिथली रीतच तशी. घरात होते तेवढे मूठभर भाजलेले हरभरे गडूत घातले आणि निघाली परत करायला. उंबरठ्यावर पाय ठेवला मात्र, दोन्ही पाय दगडाचे झाले.

पहारेकऱ्यांची आरोळी ऐकून राजा धावत आला, खांद्यावर दरबारातला पोपट. तान्हूबाईनं खरं ते सांगितलं. ऐकून राजाला भडभडून आलं.

“बाई, तुला क्षमा केली.”

दगड गुडघ्यापर्यंत चढला.

“मध तुला दिला. गडूही दिला.”

दगड कमरेला आला.

“एक गाव इनाम दिलं.”

दगड छातीशी आला. तीन उपाय केले, तिन्ही वाया गेले.

“महाराज,” तान्हूबाई म्हणाली, “लेक घरी एकटी आहे. तिला कुणीतरी सांभाळा.”

राजानं हताश होऊन पोपटाकडे पाहिलं.

“आपण नुसते देत सुटलात, महाराज,” पोपट म्हणाला. “बाईंनीही काही आणलं आहे. ते कुणी घेतलंच नाही.”

राजा ओशाळला. त्यानं तिच्या हातातून गडू घेतला, उंबरठ्यावरच मांडी घातली आणि एकेक करून सगळे हरभरे खाल्ले.

“खमंग आहेत,” तो म्हणाला.

दगड छातीवरून उतरला, टाचांतून निघून गेला, आणि उंबरठा मधोमध तडकला. तान्हूबाई मटकन खाली बसून रडू लागली. राजाचेही डोळे भरून आले.

“मध मागितला का नाहीस, बाई?”

“कुणी दिला असता, महाराज?”

राजानं तो उंबरठा तिथल्या तिथे उखडायला लावला. ज्याच्या घरी दुखणं, त्यानं यावं आणि मध न्यावा, अशी दवंडी पिटवली.

“आणि तू रडत काय बसलीस?” तो म्हणाला. “लेक वाट बघत असेल.”

तान्हूबाई उठली आणि धावत सुटली. ती जशी धडधाकट पायांनी घरी पोचली, तसे सारे पोचोत.