सभापतींची शहाणी गाडी

जाखाईच्या जत्रेत देवीचा मुखवटा दरवर्षी शिवदासच्या जुन्या जीपमधून निघे. ती त्याची पहिलीच गाडी. चार महिन्यांपूर्वी शिवदास गेला, आणि जत्रेच्या दिवशी सभापती हैबतराव त्याच्या धाकट्या भावाला, खंडूला म्हणाले, "त्या खटाऱ्यातून आता देवी नको. माझी नवी गाडी बघ. माणूस जवळ आला तरी तिला कळतं. तुझ्या डबड्याला काय कळतं रे?"

जीपमध्ये बसलेल्या खंडूचा हात उठणारच होता. पण त्याने दादाचं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"न्या की सभापती. फक्त रिवाज पाळा. ढोलवाले गाडीला खेटून चालतात, म्हाताऱ्या बॉनेटला हात लावून पाया पडतात. वेशीपर्यंत न अडता गेलात, तर मान कायमचा तुमचा."

पुजाऱ्याला मुखवट्यासह नव्या गाडीत बसवून हैबतराव ऐटीत बसले. ढोल जवळ आले तशी गाडी टीं टीं किंचाळू लागली. हातभर सरकली की आपोआप ब्रेक लागे.

"सभापती, देवी दचकतेय!" मुखवटा सावरत पुजारी ओरडला. सगळी जत्रा हसत सुटली.

"अरे, हुशार गाडी आहे!" हैबतराव घाम पुसत म्हणाले. "माणूस दिसला की तिला लगेच कळतं!"

"ते दादाच्या जीपलाही कळायचं," खंडू म्हणाला. "तुमची गाडी माणूस बघून ओरडते. ती माणूस बघून थांबायची आणि त्याला आत बसवून घ्यायची."

हैबतराव उतरले. मुखवटा त्यांनी स्वतः जीपमध्ये नेऊन ठेवला आणि तिथेच घुटमळले.

"मग मला काय उभाच ठेवतोस? दार उघड!"

"चढा, सभापती," खंडू म्हणाला. "हिला दारच नाही."