राखणदार हंसीण

घरांना कुलपं नव्हती, त्या काळची ही गोष्ट. सुपारीचे व्यापारी केरूशेठ यांच्या अंगणात एक पाळलेली हंसीण राखणीला होती. अनोळखी पाऊल वाजलं, की मान जमिनीलगत ताणून ती अशी ओरडत धावायची, की कुत्रीसुद्धा वाट बदलत. पण तिचा जीव अडकला होता तो दर हिवाळ्यात आभाळातून जाणाऱ्या रानहंसांत. अंग जड, त्यामुळे तिला काही उडता येत नसे. ती खालूनच हाका मारी, "अरे, घटकाभर उतरा ना! इथं माझ्या जातीचं कुणी नाही."

एका सकाळी त्यांतला एक म्हातारा हंस खरंच अंगणात उतरला. त्याचे पाय जमिनीला लागले मात्र, हंसिणीची मान आपोआप ताणली गेली आणि ती फुत्कारत त्याच्यावर धावली.

"अगं पोरी, तूच बोलावलंस ना?" एवढं म्हणून तो उडाला.

केरूशेठ ओट्यावरून हसले. "शाब्बास! परक्याला टेकू दिलं नाहीस हो." त्यांनी मूठभर दाणे टाकले.

हंसीण दाण्यांकडे फिरकली नाही. रानहंसांची रांग दिसेनाशी होईपर्यंत ती आभाळाकडे बघून ओरडत राहिली.

शेठ कौतुकानं बायकोला म्हणाले, "बघितलंस? अजून हाकलतेय त्यांना."