सोपानचा पाय

आबासाहेबांच्या आईच्या अंत्ययात्रेत मागून चाललेली त्यांची गाडी चारचौघांत हिसके देत राहिली, आणि दहाव्याच्या आत बावीस वर्षं त्यांची गाडी चालवणाऱ्या सोपानला त्यांनी घरी बसवलं.

"त्याच्या पायाचा अंदाज गेला," आबासाहेब गॅरेजात म्हणाले.

यासीन मिस्त्रीला सोपानचा पाय ठाऊक होता. "मग तुम्हीच हळू एक चक्कर मारा," तो म्हणाला.

फाटकापर्यंत गाडीनं सात हिसके दिले. आबासाहेब तणतणत उतरले. "गाडीतच खोट आहे."

"सोपान होता तेव्हा खोट त्याच्या पायात होती. मग दुरुस्त काय करू, आबासाहेब?"

आबासाहेबांनी बॉनेटकडे बोट दाखवलं. यासीननं इंजिनाच्या हवेच्या वाटेतली काजळी पुसली. सोपानला बोलावणं गेलं. त्यानं गाडी एकही हिसका न देता बंगल्यावर सोडली, किल्ली ठेवली आणि पायी घरी गेला.