समईवर पारखलेला खार

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. खरं तर मोठ्यांनीच जरा कान देऊन ऐकावी.

एका राजाच्या रथशाळेत खेमा नावाचा माणूस बारा वर्षं रथ पुसत होता. हात मोठा गुणी. चिखलाने माखलेला रथ त्याच्या हाताखालून गेला, की सुताराकडून आजच आणलाय असं वाटे. हे सगळं त्याला शिकवलं होतं रथशाळेतल्या एका म्हाताऱ्या कारभाऱ्याने.

एक दिवस खेमाच्या मनाने घेतलं, किती दिवस दुसऱ्याच्या दारात राबायचं? नदीकाठच्या पेठेत आपलीच पडवी बांधावी. लोकांच्या दमण्या आणि मेणे धुऊनपुसून, चकचकीत करून द्यावेत. दमणी म्हणजे दोन बैलांची छताची हलकी गाडी. त्या मुलखात ती घरोघर असे.

तो निरोप घ्यायला गेला तेव्हा म्हातारा म्हणाला, "जा बाबा, बरं केलंस. फक्त सामान निवडताना घाई करू नकोस. फडकी जुनी, धुवट घे. रिठे घे, जवसाचं तेल घे. आणि नवं काही आणलंस, तर आधी गाडीच्या तळाला, कुणाला दिसणार नाही तिथे लाव आणि एक दिवस थांब."

"एक दिवस?" खेमा हसला. "आजोबा, तोवर गिऱ्हाईक पुढच्या गावाला पोचेल की!"

"पोचू दे," म्हातारा म्हणाला. खेमाला ते काही पटलं नाही.

घरी बायकोने जुन्या लुगड्यांची फडकी फाडून, काठ शिवून ठेवली होती. "घ्या, शंभरदा धुतलेली आहेत. तान्ह्या बाळाचं अंग पुसलं तरी चालेल."

"अगं, नव्या पडवीत या चिंध्या टांगू? लोक काय म्हणतील?"

"लोक गाडी घेऊन येणार, का तुमची फडकी बघायला येणार?" ती म्हणाली. पण खेमाच्या डोळ्यांसमोर भरलेली फळी होती, रंगीत बुधले होते. तो सरळ जत्रेला गेला.

जत्रेत एक परगावचा व्यापारी ओरडत होता, "एक हात मारा, दुसऱ्याची गरज नाही!" त्याच्यापुढे निळ्या बुधल्यांची रांग होती. बुधल्यांत होता राखेचा आणि चुन्याचा कडक खार. त्याने देवळातली एक समई उचलली, जळक्या तेलाने काळीकुट्ट झालेली. खारात बुडवलेलं फडकं एकदा फिरवलं आणि समई अशी लखलखली की लोकांनी 'अहाहा' केलं.

"लाकडाला चालेल ना?" खेमाने विचारलं.

"अहो, जे पितळेला वठणीवर आणतं, त्याच्यापुढे लाकडाची काय कथा!"

ऐकलंत? विचारलं काय आणि उत्तर काय! पण खेमाची मान डोलली. त्याने दहा बुधले घेतले, आणि कडक खळीची कोरी करकरीत फडकी घेतली. हातावर दोन थेंब सांडले तेव्हा चांगलं झोंबलंसुद्धा. त्याने हात धोतराला पुसला. हौसेपुढे माणूस कुणाचं ऐकतो? स्वतःच्या कातडीचंही ऐकत नाही.

पडवी सुरू झाली. निळे बुधले बघायला माणसं थांबू लागली. पहिले काही दिवस खेमाने खार चाकांच्या लोखंडी धावांना लावला. धावा आरशासारख्या झाल्या. खेमाची छाती फुगली. तळाला लावून बघायचं राहिलं ते राहिलंच.

मग एका सकाळी एक म्हातारी आपली दमणी घेऊन आली. बरोबर तिची नात होती.

त्या मुलखात एक रीत होती. लेक सासरी निघाली, की दमणीत बसताना जवसाच्या तेलात कालवलेल्या गेरूने आतल्या फळीवर पंजा उमटवायची. लेक जायची, पंजा माहेरी राहायचा. या म्हातारीची एकुलती लेक अठरा वर्षांपूर्वी अशीच गेली, आणि वर्षभरात बाळंतपणात देवाघरी गेली. राहिली ती ही नात. आजीनेच तिला वाढवलं. आई कशी होती ते पोरीला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होता तेवढा एक पंजा. लहानपणापासून ती त्यावर हात ठेवून बघायची, आईएवढा झाला का म्हणून.

"परवा हिचं लग्न आहे," म्हातारी म्हणाली. "याच दमणीतून जाणार, आईच्या पंजाशेजारी पंजा लावणार. चुलीशेजारच्या खोपीत राहून फळ्या धुराने चिकट झाल्यात बघ. गाडी उजळ कर. तेवढा पंजा मात्र सांभाळ हो."

"आजी, मी काय परक्या मुलखाचा आहे? मला नको सांगायला," खेमा म्हणाला.

नातीने आत वाकून फळीवर हात ठेवला. "आजी, आता बरोब्बर आईएवढा झाला!" ती म्हणाली आणि दोघी हसत गेल्या.

खेमाने सगळी दमणी रिठ्याच्या पाण्याने पुसली. छान निघाली. राहिला फक्त पंजाभोवतीचा धुराचा चिकट थर. तो नुसता तसाच ठेवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. पण खेमाला वाटलं, भोवतीची जागा उजळली तर पंजा कसा उठून दिसेल! खरंच, त्याच्या मनात चांगलंच होतं. त्याने कोरं फडकं खारात बुडवलं आणि पंजाच्या कडेकडेने, श्वास रोखून फिरवलं.

एक ओघळ निसटला. करंगळीवरून खाली आला आणि गेरू विरघळला. खेमाने घाईने तो टिपला, तर खळीच्या फडक्याने बोटंच खरवडली. त्याने पाणी ओतलं, तर पाण्याबरोबर खार सगळीकडे पसरला. तेल फेसाळलं, गेरू लाल पाणी होऊन वाहिला. बघता बघता फळी कोरी झाली. आणि वर चकाकत काय होती!

खेमाने धावत जाऊन गेरू कालवला, आपला पंजा भरला. पण त्याचा तो थोराड, राकट हात! तिथे कुणाचा हात लावणार होता तो? बायकोला बोलावून तिचा पंजा उमटवावा असंही मनात आलं, आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्याला रडू फुटलं.

दुपारी म्हातारी आली. दमणीत चढली. फळीवरून हात फिरवला, मग दुसऱ्या फळीवरून.

"बाबा, ही आमचीच ना? दुसऱ्याची तर नाही दिलीस?"

खेमाने तिचे पाय धरले. "तुमचीच आहे, आजी. माझ्या हातून पुसला गेला. मला मारा, शिव्या द्या."

म्हातारीने शिव्या दिल्या नाहीत. कोऱ्या फळीवर तळवा टेकून ती तिथेच बसली. मग म्हणाली, "अठरा वर्षं मी त्या फळीला ओला हात लावला नाही रे."

खेमाने सगळे बुधले खड्ड्यात ओतले. पण खड्डा भरून काय होणार होतं?

लग्न झालं. नातीची पाठवणी करायला गाव जमलं. खेमा लांब कुंपणाशी उभा होता. नात दमणीत बसली. हाताला गेरू लावलेला. फळीकडे बघत राहिली.

"लाव गं, उशीर होतोय," कुणीतरी म्हणालं.

"कुठे लावू, आजी?" तिने विचारलं. "आईच्या शेजारची जागा कुठली?"

म्हातारी पुढे झाली, तिने फळी चाचपली, पण तिलाही ती जागा सापडली नाही. हातावरचा गेरू वाळून गेला. बैल निघाले, आणि त्या घरची पोर पंजा न लावताच सासरी गेली.

म्हणून मुलांनो, ध्यानात ठेवा: सामान निवडावं ते ज्या वस्तूला लागायचं तिचं अंग बघून; विकणाऱ्याची जीभ आणि आपली हौस बघून निवडलं, तर ते नेमकं जपायचं तेच पुसून टाकतं.