लाल कुठं गेला

“मग तातय्या, जिंकलं कोण? तुम्हीच सांगा.”

तेजसनं चप्पल काढता काढताच विचारलं. नमस्कार वगैरे नंतर.

तातय्या सूत गुंडाळत होते. गुंडाळत राहिले.

“पेठ की कॅम्प?” तेजस परत.

“शर्यत कधी लागली होती?” तातय्या म्हणाले.

थांबा, आधी ओळख करून देतो. तेलुगूत आजोबांना तातय्या म्हणतात, पण हे म्हणजे अख्ख्या पेठेचे तातय्या. एकेकाळी स्वतःचा चादरींचा कारखाना होता. एके दिवशी किल्ल्या पोरांच्या हातात दिल्या आणि मार्कंडेयाच्या देवळामागच्या या एका खोलीत येऊन राहिले. रथाला लागणारं सूत तेवढं हातानं गुंडाळतात. बोलतात अगदी कमी. पण पेठेतलं कुठलंही कार्य त्यांच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय सुरू होत नाही.

तेजस गुंडेटी माझा कॉलेजातला दोस्त. लहानपणी सुताची गाठ शिकायला तातय्यांकडेच यायचा, म्हणून त्यांचा चेला. पुढं पुण्याला जाऊन अर्थशास्त्र शिकला आणि तेव्हापासून जरा मान ताठ झालीय त्याची. पेठ म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती, कॅम्प म्हणजे त्याच गावातली सिंध्यांची. मी ना पेठेतला, ना कॅम्पातला. स्कूटर माझी, म्हणून मी तिथं.

“शर्यत नाही कशी?” तेजस खाली बसला. “आपले पणजोबा तेलंगणातून चालत आले. डोक्यावर मागाची लाकडं. खायला काही नाही. बरोबर?”

“हं.”

“फाळणीनंतर सिंधी आले. त्यांच्याकडंही काही नाही. मिलिटरीच्या बराकीत पडदे लावून संसार मांडले. बरोबर?”

“हं.”

“दोघंही बाहेरचे. दोघंही रिकामे. आणि आज? मी उन्हाळाभर घर न् घर फिरलोय तातय्या. आपल्या पेठेत स्वतःचं घर नाही असं कुटुंब सापडत नाही. प्रत्येकाचे माग चालू. पोरं इंजिनियर. आणि कॅम्पात? लोकांना वाटतं सिंधी म्हणजे पैसेवाले. तिथं जाऊन बघा म्हणावं. अजून त्याच बराकी. पापड लाटतात, जुने पंखे दुरुस्त करतात. माणशी कमाई आपल्या निम्मीपण नाही.”

“मग?”

“मग उद्याची सभा.”

उद्याची सभा म्हणजे पेठेच्या ट्रस्टची. ट्रस्टचं मोठं वसतिगृह आहे, पेठेच्या पोरांसाठी बांधलेलं. कॅम्पातल्या लोकांनी अर्ज केला होता, की आमच्याही काही मुलांना घ्या, खोल्या रिकाम्या आहेत. ट्रस्टचे अध्यक्ष तेजसचे बाबा. निर्णय उद्या. आणि त्याआधी तेजसचं भाषण.

“मी सांगणार, आपल्याला कोणी खोली दिली नव्हती,” तेजस म्हणाला. “आपण कष्टानं वर आलो. त्यांनीही यावं. तुम्ही फक्त स्टेजवर बसा. तुम्ही बसलात की कोणी आडवं बोलणार नाही.”

असं म्हणून त्यानं पिशवीतून चादर काढली. त्याच्या घरच्याच कारखान्याची, कोरी, घडीचा वास येत होता. पांढऱ्यावर लाल मोर.

“ही उद्या तुम्हाला पांघरायचीय.”

तातय्यांनी सूत बाजूला ठेवलं. चादर मांडीवर पसरली. मोरावरून हात फिरवला. मग उलटी केली.

पलीकडं तोच मोर. पण लालवर पांढरा.

“सुलटी बाजू कुठली रे?” त्यांनी विचारलं.

तेजस हसला. “तातय्या, माझी परीक्षा घेताय? आपल्या चादरीला सुलट-उलट असते होय?”

“इथं लाल होता. कुठं गेला?”

“जाणार कुठं? पलीकडं गेला. इथं खाली गेलेला धागा तिथं वर येतो.”

“हं,” तातय्या म्हणाले आणि चादर तशीच मांडीवर राहू दिली.

मला वाटलं, झालं काम. तेजसलाही वाटलं असणार. तो माझ्याकडं बघून डोळा मारणार होता, एवढ्यात तातय्या म्हणाले,

“यादगिरीला कुठं मोजलंस?”

तेजसचा चेहरा जरा उतरला.

यादगिरी म्हणजे त्याचे सख्खे काका. तेजस शाळेत असताना त्यांनी कर्ज काढून नव्या पद्धतीचे माग आणले होते. ते चाललेच नाहीत. सगळं गेलं. एके दिवशी सकाळी मोठ्या भावाला, म्हणजे तेजसच्या बाबांना, कारखान्याची किल्ली दिली आणि निघून गेले. घरात एवढंच म्हणतात, भिवंडीला असतो. पुढं कोणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

“काका भिवंडीला आहेत,” तेजस म्हणाला. “बाहेरगावचे मोजले नाहीत. तसा नियमच असतो.”

“असे किती गेले पेठेतून?”

“गेले त्यांचं काय तातय्या… जे आहेत त्यांचं बघायचं.”

“हं.”

तातय्या उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. कोपऱ्यातल्या माठातून दोन ग्लास पाणी भरलं. फळीवरून कागदात बांधलेला एक पुडा काढला आणि माझ्या हातात दिला.

“पापड आहेत. सोड, भाजतो.”

“पाण्याबरोबर पापड?” मी म्हटलं.

“कॅम्पात असंच देतात,” तेजस म्हणाला. “दारात पाऊल टाकलं की पापड आणि पाणी. चहाचं नंतर विचारणार. प्रत्येक घरात तेच. वैतागलो होतो मी.”

“खाल्लास?” तातय्यांनी विचारलं.

“कुठं खाणार? सर्व्हे होता. खात बसलो असतो तर दिवाळी आली असती.”

तातय्या स्टोव्ह पेटवायला खाली वाकले. मी पुड्याची गाठ सोडायला लागलो. सुतानं बांधलेला होता. एक टोक ओढलं, तर गाठ आवळली. दुसरं ओढलं, आणखी आवळली. म्हटलं दातानं तोडावी.

“तोडू नको. सूत आहे ते,” तातय्या पाठमोरे राहूनच म्हणाले.

“इकडं दे बे,” तेजस म्हणाला. पुडा त्यानं घेतला. लक्ष सगळं तातय्यांकडंच. “मी काय म्हणतो, पुढच्या वर्षी आपण ठरवू ना त्यांच्या मुलांचं. एकदम दार उघडलं की मग…”

बोलता बोलता त्याच्या बोटांनी सुताची डावी बाजू धरली, आतल्या अंगाला वळवली आणि ओढली.

गाठ सुटली. एका झटक्यात.

तेजस बोलायचा थांबला.

पुडा मांडीवर. सूत बोटात. तो सुताकडं बघतोय आणि मी त्याच्याकडं. मला कळेना, झालं काय.

“तातय्या…”

“हं.”

“ही आमची गाठ आहे.”

मला नंतर कळलं ते आत्ताच सांगतो. सुताच्या लड्या बांधायची एक गाठ असते, ती पेठेत सगळ्यांना येते. पण तेजसचे आजोबा डावखुरे होते. ते ती उलटी मारायचे. त्यांनी पोरांना शिकवली तीही उलटीच. तातय्यांनी तेजसला सुलटी शिकवायला जंग जंग पछाडलं. जमलं नाही. अख्खी पेठ हसायची, गुंडेट्यांचा माल अंधारात पण ओळखू येतो म्हणून.

“बाबा मारतात अशी,” तेजस म्हणाला. “मी मारतो. आणि…”

स्टोव्हचा आवाज.

“हा पुडा कुठून आला?”

“कॅम्पातून.”

“कॅम्पात कुठून?”

“लाजवंतीच्या घरून. शेवटच्या बराकीत. निळं दार.”

तेजसनं तोंडावरून हात फिरवला.

“मी गेलो होतो तिथं.”

तातय्यांनी पापड आचेवर धरला. फिरवला.

“त्या लाजवंती आंटींना मी विचारलं, घरात माणसं किती… त्या म्हणाल्या, मी, मुलगा, सून आणि माझा भाऊ. मी म्हटलं भाऊ काय करतात, तर म्हणाल्या, मागं पापड वाळत घालतो, त्याची तब्येत बरी नसते. मी म्हटलं कमाई… त्या म्हणाल्या, लिही ना काहीतरी…” तेजसचा आवाज बारीक झाला. “मागचं दार उघडं होतं. कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, दोरीवरच्या फडक्यांपलीकडं. मी आत गेलो नाही.”

“पापडाला थांबला असतास, तर यादगिरीच घेऊन आला असता,” तातय्या म्हणाले. “पाहुण्याला पापड तोच देतो.”

बाहेर पेठेतले माग चालू होते. ती खडखड आम्हाला लहानपणापासून इतकी सवयीची, की एरवी ऐकूच येत नाही. त्या दिवशी आली.

“भाऊ कसा म्हणतात त्या?” तेजसनं विचारलं. “सिंधी आहेत त्या.”

“राखी बांधते.”

“घरी का नाही आले? पेठेत घर होतं ना त्यांचं. आम्ही होतो.”

तातय्यांनी खिडकीकडं मान वळवली.

“ऐकतोयस? पेठेत ज्याचा माग बंद, त्याच्या घरातून आवाज येत नाही. मग येणारा-जाणारा विचारतो, काय यादगिरी, आज बंद का? रोज विचारतो. चांगल्या मनानंच विचारतो… माणूस किती दिवस सांगेल?”

“आणि कॅम्पात?”

“तिथं कोण विचारणार? सगळेच काही ना काही हरवून आलेले.”

तेजस पुड्याच्या कागदाच्या घड्या पाडत बसला. मग एकदम चिडला. मला त्याचा राग ओळखीचा आहे, आधी कान लाल होतात.

“तुम्हाला माहीत होतं. बाबांना सांगायचं होतं ना.”

तातय्यांनी पापड पालटला.

“तातय्या, बाबांना का नाही सांगितलं?”

“तुमच्या घरी पापड कुठला येतो?”

“कॅम्पातला. बाबाच आणतात. त्याचं काय?”

“पुड्यातून?”

“नाही… डब्यात भरून आणतात. मोकळे.”

“मोकळे,” तातय्या म्हणाले.

तेजसनं बोटातल्या सुताकडं बघितलं.

“बाबा जातात तिथं?”

“निळ्या दारापर्यंत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. तिथं थोडा वेळ उभा राहतो. पुडा घेतो. परत येतो.”

“काकांना माहीत आहे?”

“गाठ कोणासाठी मारतो मग तो? रबर लावला तरी चाललं असतं.”

पापड भाजून झाला होता. तातय्यांनी तो मोडून दोन ताटल्यांत ठेवला आणि आमच्यापुढं सरकवला. पाण्याचे ग्लासही.

तेजसनं तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला. परत ठेवला. मग परत उचलला आणि खाल्ला. तो चावण्याचा आवाज एवढा मोठा वाटला, की मी माझा तुकडा हातातच धरून बसलो.

“मी त्यांना मोजलंय तातय्या,” तो म्हणाला. “कॅम्पात. कॅम्पाची कमाई खाली आली ना, ती… त्यात ते आहेत. म्हणजे आमचा माणूस मी त्यांच्या गरिबांत धरलाय. आणि उद्या मी उभा राहून सांगणार होतो, की बघा, आपल्यात असं कोणीच नाही.”

तातय्यांनी सूत परत हातात घेतलं.

“ते एकटेच आहेत की पेठेतले आणखी…”

“निळी दारं तिथं पुष्कळ आहेत.”

“पण मग…” तेजस चाचपडला. पुण्याला शिकलेलं सगळं आठवून बघत असावा. “आपले कष्ट खोटे होते का? बाबांचे? आजोबांचे? तेही काही फुकट नाही मिळालं तातय्या.”

“खोटे कोण म्हणतं? रात्रंदिवस माग चालवलाय लोकांनी. मी चालवलाय.”

“मग पेठ पुढं की कॅम्प?”

तातय्यांनी मांडीवरच्या चादरीकडं बघितलं. लाल बाजू अजून वर होती. एकदा उलटी केल्यावर त्यांनी ती परत पालटली नव्हती.

“उद्या येणार ना तुम्ही स्टेजवर?” तेजसनं विचारलं. आता विनंती नव्हती त्यात. भीती होती.

“नारळ फोडायला येईन. बसणार नाही.”

“मग मी बोलू काय? बाबा समोर असणार. सगळी पेठ असणार. बाबांसमोर मी… काय बोलू?”

तातय्यांनी चादरीची घडी घातली. सावकाश, कडेला कड जुळवत. मग पापडाच्या पुड्याचं सूत तेजसच्या हातातून घेतलं, घडीभोवती गुंडाळलं आणि दोन्ही टोकं त्याच्यासमोर धरली.

तेजसनं गाठ मारली. डावी. गाठ बरोबर बसली.

तातय्यांनी चादर त्याच्या मांडीवर ठेवली.

“ही यादगिरीला पांघर. कुठली बाजू वर ठेवायची, ते त्यालाच विचार.”