लेडी हेन्रिएटाचं माहेर

नाव लेडी हेन्रिएटा होतं की हॅरिएट, हे आता खात्रीनं आठवत नाही. हेन्रिएटाच म्हणू. तिचे यजमान, इंग्लंडातले मोठे सरदार, वारले. मुलगा नसल्यानं रिवाजाप्रमाणे हवेली पुतण्याला, एडमंडला मिळाली. तीन मुलींना घेऊन जायचं कुठं, या काळजीनं लेडीचा जीव टांगणीला लागला.

एडमंड पाहुण्यांसमोर ऐटीत म्हणाला, "काकू, माहेरून आणलंत ते खुशाल न्या आणि हवेली रिकामी करा."

"सगळं नेऊ?"

"शब्द दिला!"

लेडीनं कारभाऱ्याला हाक मारली. "शिड्या मागवा. हे छप्पर माझ्या बाबांनी हुंड्यात घालून दिलंय. उतरवून घ्या."

बाहेर पाऊस कोसळत होता. एडमंडनं एकदा वर पाहिलं. "काकू, राहा की! घाई कसली?"

कित्येक वर्षांनी त्या गावी जाऊन खात्री करून घेतली: तिन्ही मुली त्याच हवेलीतून सासरी गेल्या.